सतरा रुपये लिटरचा समुद्र

स्कॉटलंडहून समुद्री जीवशास्त्राची पदवी घेऊन परतताना शांभवीला वाटलं होतं की कोल्हापूर तिला प्रवाळांबद्दल विचारेल. जगभरचे प्रवाळ पांढरे पडून मरताहेत हे ऐकून तिच्या गंगावेशीत निदान दोन-चार माणसं तरी अस्वस्थ होतील. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तिने विमानातच मनाशी तयार करून ठेवली होती.

प्रत्यक्षात गंगावेशीने दोनच प्रश्न विचारले. "तिकडं जेवणाचं हाल झालं असतील न्हवं?" आणि "ह्या शिक्षणावर नोकरी कुटं लागती?" तिसरा प्रश्न घरातूनच आला. तिची आत्या, अक्काताई, तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "एवढं मासं शिकलीस. खाल्लं न्हाईस न्हवं?" (घर लिंगायतांचं. शांभवीने शपथेवर नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं. दोन वर्षं तिने बटाट्यावर काढली होती.)

तेव्हा तिने एक छोटासा निर्णय घेतला. लोकांना समुद्राचं काही पडलेलं नसेल तर समुद्रच घराच्या पुढच्या सोप्यात आणायचा. दोनशे लिटरची काचेची टाकी, दोन मासे आणि एक जिवंत प्रवाळ. आसपासच्या शाळांनी यावं, बघावं, फुकट. खर्च शिष्यवृत्तीतून वाचवलेल्या पैशांतून. घरच्यांकडून एक पैही घ्यायची नाही, हे तर तिचं व्रतच होतं (जेवण, वीज, पाणी आणि सोपा एवढं सोडून).

तिचे वडील शिवाप्पा, म्हणजे अप्पा. घरामागच्या गोठ्यातल्या म्हशी संध्याकाळी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला त्यांच्या हातात द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. मुलीच्या समुद्राला त्यांनी लगेच परवानगी दिली.

"आन की. पर माडीवर नको. गळला तर खालची वैरण भिजंल."

आता समुद्राचं पाणी करायचं म्हणजे मीठ आलं, आणि ते मीठ निवडणं हे स्थळ निवडण्याइतकंच जोखमीचं काम असतं. शांभवीने बाजारातली सगळी मिठं पाहिली. स्वस्त पाकीट लिटरला महाग पडत होतं आणि महाग बादली लिटरला स्वस्त. शेवटी तिने वीस किलोची परदेशी बादली मागवली. बादलीवर 'सहाशे लिटर' असं ठळक छापलेलं होतं. पण शांभवी फसणारी नव्हती. तो आकडा पातळ समुद्राचा, नुसते मासे कसेबसे जगतील असा. प्रवाळाला दाट समुद्र लागतो, आणि त्या हिशेबाने बादलीतून पाचशेवीस लिटरच निघणार होते. म्हणजे लिटरला सतरा रुपये.

"सतरा रुपयं?" अप्पा खाटेवरून उठून बसले. "मिठाच्या पाण्याला?"

"अप्पा, हे नुसतं मीठ नाही. यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, आयोडीन आहे. जिवाला जे जे लागतं ते सगळं मोजून घातलंय."

"आनि जनावराला सोसतंय?"

"सोसतंय काय? जनावर त्याच्यावरच जगतं!" शांभवी पेटून म्हणाली. प्रवाळ हे झाड नसून प्राणी आहे, हे ती आठवडाभर घरात सगळ्यांना सांगत होती. ते अखेर अप्पांच्या डोक्यात शिरलं, म्हणून तिला भरून आलं.

अप्पांच्या डोक्यात त्या वेळी मोना होती. मोना म्हणजे त्यांची धाकटी म्हैस. नुकतीच व्यालेली, पण दूध काही मनासारखं देत नव्हती, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू करा म्हणून सांगितलं होतं.

पावसाळ्याचे दिवस. अशा हवेत हे मीठ ओल धरतं, त्याचा दगड होतो आणि मग कुठलाच हिशेब लागत नाही. घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे पेंडेची खोली. शांभवीने स्वतःच्या हातांनी बादली तिथे नेऊन सरकी पेंडेच्या पोत्यांमध्ये ठेवली. (इथे वाचकांनी तिला अडवायला हवं होतं. पण ती ऐकणारी नव्हती.)

टाकी भरली. पाणी मुरायला हवं तेवढे आठवडे मुरलं. मग मुंबईहून दोन नारिंगी मासे आले आणि मागोमाग प्रवाळ आला. अळंबीसारखा देठ, वर पसरट टोपी आणि टोपीभर हलणारी मऊ मऊ बोटं. अक्काताईने चष्मा लावून पाहिलं.

"ह्येला कोन खानार न्हाय न्हवं?"

"नाही गं आत्या."

"मग ऱ्हाऊ दे बिचारं."

शांभवी दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढायची आणि बादलीतलं मीठ कालवून तेवढंच ताजं घालायची. असे दोनेक महिने गेल्यावर एक विलक्षण गोष्ट तिच्या लक्षात आली. हिशेबाप्रमाणे ज्या आठवड्यात बादलीचा तळ दिसायला हवा होता, त्या आठवड्यात ती निम्मी भरलेली होती. पुढच्या आठवड्यातही निम्मीच. भाव लिटरला सतरावरून चौदा झाला, चौदावरून अकरा झाला.

दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. शांभवी शास्त्रज्ञ होती, तिने सिद्धान्त मांडला. फरक साठवणीचा होता! सरकी पेंड हवेतली ओल शोषून घेते, मीठ सुटं राहतं, कणन् कण वापरात येतो. तिने हे सगळं खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडेवारीसकट लिहिलं. 'कोल्हापूर पद्धत' हे नावही तिनेच सुचवलं. ग्रुप हलला. ठाण्याच्या एका गृहस्थांनी बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सरकी पेंडेचं पोतं आणून ठेवलं. पुण्याचा दुकानदार, ज्याच्याकडून तिने बादली घेतली होती, तो येईल त्या गिऱ्हाइकाला 'कोल्हापूरच्या मॅडम'चा दाखला देऊ लागला.

याच सुमारास मोनाही दुधाला चढली. कट्ट्यावर शेजारी म्हैस बांधणारे आकाराम रोज खवचटपणे विचारायचे, "शिवाप्पा, म्हशीला काय चारतोयास? का मागनं पाईप जोडलाय?"

"पोरगी शिकून आलीया परदेशातनं," अप्पा गूढपणे म्हणायचे. शांभवीला वाटायचं, ते नुसतं कौतुक आहे.

एक प्रवाळ तेवढा या सुखात सामील नव्हता. आधी त्याने बोटं आत घेतली. मग टोपी खाली झुकली. पाण्याचा खारटपणा मोजला तर बिनचूक. कॅल्शियम मोजलं तर निम्म्याच्या आसपास. आता बादलीत कॅल्शियम आहे हे बादलीवरच छापलेलं, तेव्हा तपासणीचं औषधच जुनं झालं असणार, असं ठरवून शांभवीने ती बाटली फेकून दिली. (स्कॉटलंडमधल्या तिच्या प्राध्यापकांना हे कळवायचं कारण नाही.)

आणि ऐन त्याच आठवड्यात कागलजवळच्या एका शाळेची मुलं समुद्र बघायला आली. सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. शांभवी तळमळून बोलत होती. समुद्र तापतोय, प्रवाळ मरताहेत, आपण इतके लांब असलो तरी आपला त्यांच्याशी संबंध आहे. मुलं निमूट ऐकत होती. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने काचेला नाक लावलं.

"मॅडम, ह्यो झोपलाय का मेलाय?"

प्रवाळ मोरीत पडलेल्या ओल्या फडक्यासारखा दगडाला चिकटून होता.

"तो... विश्रांती घेतोय."

"मग आमी थांबतो की."

अर्धा तास थांबली. प्रवाळाने काही मनावर घेतलं नाही. जाताना गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "उघडला की फोन करा, मॅडम. पुन्यांदा आनतो पोरास्नी. आज त्याचा मूड न्हाय."

बस गेली. शांभवी रिकाम्या सोप्यात टाकीसमोर बसून राहिली. दोन मासे मजेत फिरत होते. प्रवाळ मात्र मरत होता, हे आता तिला कळत होतं. साऱ्या समुद्रांची काळजी वाहणाऱ्या बाईला एक अळंबीएवढा जीव जगवता येत नव्हता. दिवेलागणीला ती उठली. निदान पाणी तरी बदलून बघावं म्हणून पेंडेच्या खोलीत गेली.

बादलीचं झाकण उघडं होतं. अक्काताई वाकून तिच्यात कागदी पिशवीतलं खड्याचं मीठ ओतत होती.

"आत्या! काय करतेस?"

"भरतोय की." अक्काताईने मागे वळूनही पाहिलं नाही. कोल्हापुरातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.

"काय भरतेस?"

"मीठ. शिवा रोज मोनाच्या पेंडंच्या आंबोणात वंजळभर घालतोय ह्यातलं. मी सांजच्याला तेवढं परत टाकतो. दुसऱ्याचं मीठ घेटलं की त्याच दिवशी फेडायचं. मिठाचं देनं डोक्यावर ठेवून झोपायचं न्हाय. मग ते पोटच्या पोरीचं का असंना."

"रोज?"

"एक दिस चुकवला न्हाय." अक्काताईचा आवाज अभिमानाने भरून आला. "ऐतवारी लई खाली जायचं. मला वाटलं, शिवाचा हात सुटलाय. त्याला बोललो बी. पर भरलं."

रविवारी पाणी बदलायची ती शांभवी. ती सरकी पेंडेच्या पोत्यावर बसली. कोल्हापूर पद्धत!

"आत्या, ते मीठ वेगळं होतं गं! हे वेगळं!"

"चव बघिटली की मी. आपलं जास्त खारट हाय."

तेवढ्यात अप्पा कट्ट्यावरून परतले. शांभवीने त्यांना दारातच गाठलं.

"अप्पा, तुम्ही माझं मीठ म्हशीला घातलंत?"

"तूच म्हनालीस की, जनावर त्याच्यावरच जगतंय."

"प्रवाळाबद्दल म्हणाले होते!"

"त्यो कुटं जनावर हाय? खुटा रोवल्यागत बसलाय."

"आणि मिठाने काही दूध वाढत नाही," शांभवीने शेवटचं शस्त्र काढलं. "व्याल्यावर ते आपोआप वाढतं. त्यात खारं खाऊन पाणी जास्त प्याली असेल."

"मग हौशीचं का वाढंना? ती बी मोनाच्या संगंच व्यालीया. गोठा एक, पेंड एक. तिला मीठ न्हाय दिलं."

एकाच गोठ्यातल्या, बरोबरच व्यालेल्या दोन म्हशी. एकीला दिलं, एकीला नाही. दोन वर्षांच्या शिक्षणात इतका स्वच्छ प्रयोग तिच्या हातून झाला नव्हता.

"एक सांगू?" अप्पा जवळ येऊन बसले. "दोन बादल्या मागव. एक तुझ्या खुट्याला, एक मोनाला. पैसं मी देतो."

"अप्पा, त्यापेक्षा गावात जनावरांचं क्षारमिश्रण मिळतं. ते कितीतरी स्वस्त पडेल."

"दिऊन बघिटलं की. आता तोंड लावंना. परदेशी चवीला सोकावलीया." त्यांनी एकवार लेकीकडे बघितलं. "घरात एक शिकून आलं की समद्यास्नीच लागतंय."

शांभवीचं व्रत आडवं आलं. तिने पैशांना नाही म्हणून सांगितलं, न जेवता झोपायला गेली आणि अक्काताईने दूध आणून दिल्यावर ते मोनाचं आहे का हे न विचारता प्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या ती टाकीकडे गेली. प्रवाळ आणखी आक्रसला होता. मात्र टोपीच्या एका कडेला दोन बोटं अजून बाहेर होती, आणि पाण्याबरोबर हलत होती. ती बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत उभी राहिली. मग तिने ठरवलं. व्रत गेलं खड्ड्यात, पैसे अप्पांचे घ्यायचे, मीठ आजच्या आज मागवायचं. आणि यापुढे जगाला माहिती द्यायची ती अर्धवट द्यायची नाही, मग लाज गेली तरी चालेल. तिने पुण्याला फोन लावला.

"अहो कोल्हापूरच्या मॅडम!" दुकानदार आनंदला. "तुमचं ते पेंडेचं पोतं आम्हीसुद्धा आणून ठेवलंय. दुकानात वास सुटलाय, उंदीर आलेत, पण मीठ काही वाढेना. चुकतंय कुठे?"

"पोतं काढून टाका. माझा आकडा चुकीचा होता. माझी आत्या रोज बादलीत खड्याचं मीठ भरत होती."

पलीकडे दुकानदाराने पोऱ्याला पोतं उचलायला सांगितलं.

"हे मी आज ग्रुपवरही लिहिणार आहे," शांभवी धीर करून म्हणाली. "मला दोन बादल्या हव्यात. दुपारच्या गाडीत टाकाल का?"

"टाकतो की. पण दोन? एवढ्या लागतील का तुम्हाला? टाकीत जनावरं काय काय आहेत ते सांगा, मी हिशेब करून देतो."

शांभवीने डोळे मिटले. ठरवलं ते ठरवलं.

"दोन मासे," ती म्हणाली. "एक प्रवाळ. आणि एक म्हैस."

"बरं," दुकानदार जपून म्हणाला. "मॅडम, टाकी किती फुटांची म्हणालात?"