शेटे आणि हिंजवडीची ऑर्डर

हिंजवडीच्या कंपनीत फोन लावायचा असला, की रत्नाकरराव शेटे आधी गळ्यात टाय बांधत. बुधवार पेठेत त्यांचं वायर-स्विचचं दुकान, शेजारी माझं पुस्तकांचं. फोनवर टाय दिसत नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "आवाजात दिसतो," ते म्हणाले.

कॉम्प्युटर कंपन्या आल्या आणि शेट्यांना घरगुती गिऱ्हाईक किरकोळ वाटायला लागलं. एक तरी मोठी कंपनी आपल्याकडून माल घेते, असं व्यापारी मंडळात चारचौघांत सांगता यावं, एवढीच आस. त्यासाठी हिंजवडीच्या त्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या सुषमा वानखेडे या मुलीची त्यांनी दोन वर्षं मनधरणी केली. दिवाळीला फराळ, गणपतीत आरतीचं आमंत्रण, मे महिन्यात हापूसची पेटी. पेटी परत आली. सोबत, भेटवस्तू घेतल्या जात नाहीत, असं छापील पत्र. शेट्यांनी ते काउंटरच्या काचेखाली लावलं. कंपनीशी आपला पत्रव्यवहार आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग एका पावसाळ्यात सुषमाला डेंग्यू झाल्याचं त्यांना कळलं. ती शनिवार पेठेत खोली घेऊन एकटी राहायची. शेटे लगबगीनं शहाळी घेऊन निघाले, तेव्हा मी मनात हसलो. परत आल्यावर, तिचे वडील तिकडे अमरावतीला अंथरुणाला खिळलेले, म्हणून पोरीनं घरी कळवलेलंच नाही, एवढंच बोलले. पुढे त्यांनी तिचा विषय काढला नाही आणि मीही विसरलो.

दोनेक महिन्यांनी सुषमा स्वतःच पेठेत आली. शेटे बँकेत गेले होते, म्हणून माझ्याकडे टेकली. त्या आजारपणात शेटे आणि त्यांची बायको पंधरा दिवस दोन्ही वेळा मऊ भात घेऊन येत होते, हे मला तिच्याकडून कळलं. आता कंपनीच्या नव्या इमारतीचं मोठं टेंडर निघालं होतं, आणि त्यात नेमकं शेट्यांचंच दराचं पाकीट नव्हतं.

शेटे आल्यावर तिनं त्यांनाच विचारलं. ते जरा चाचरले.

"टेंडर भरलं असतं, तर लोक म्हणाले असते, मऊ भातावर ऑर्डर मिळवली."

"पण काका, तुमचा दर सगळ्यांत कमी असता तर?"

"तरी म्हणाले असते. मला नाही गं, तुला."

शेट्यांनी शटर ओढलं, बायको पानं वाढून बसली असेल म्हणाले आणि तिला घेऊन घराकडे निघाले. दुपारचं दुकान बंद व्हायला अजून तासभर होता.

शेट्यांना मूलबाळ नाही, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. तरी शटरपाशी घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मान ताठ करून सांगितलं, "चारनंतर या. शेट्यांची मुलगी आलीय."