कोळेकर अण्णांची बरणी

कोळेकर अण्णा आमच्याकडे चहाला आले की आधी फाटकाच्या लोखंडी गजाला हात लावतात. मग चपला काढतात, मग "सर, हाय का घरात?" म्हणून विचारतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा तोल सावरतोय. तसं काही नाही. अण्णा अंगातली वीज जमिनीत सोडत असतात. आत आमचा गॅस पेटलेला असतो, आणि अण्णांच्या मते सोलापूरच्या कोरड्या हवेत नायलॉन घालून हिंडणारा माणूस म्हणजे चालती काडेपेटी.

अण्णा हवाई दलात होते. विमान उडवायला नव्हते, हा खुलासा ते स्वतःच आधी करतात. लढाऊ विमानांत इंधन भरायचं आणि वेळ आली की भरलेलं काढायचं, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. घर सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं. "बा मेंढरांस्नी पाजायचा, मी विमानांस्नी पाजलं," असं सांगतात. आधी टँकर आणि विमान तारेनं जोडायचं, मग इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरायचा, आणि त्यात पाणी नाही, कचरा नाही अशी खात्री पटली की मगच नळी लावायची. निवृत्तीनंतर विमानं गेली, बरणी राहिली. पेट्रोल पंपावर अण्णांनी पिशवीतून बरणी काढली की तिथला एक तरी माणूस गुपचूप जेवायला निघून जातो.

भरण्यापेक्षा काढण्याच्या गोष्टी सांगायला त्यांना जास्त आवडतं. टाकी काठोकाठ भरून झाली की वरून निरोप यायचा, आज उड्डाण नाही, विमान दुरुस्तीला घ्या. मग भर उन्हात सगळं इंधन परत काढायचं. "भरताना कुनीबी हसतंय, सर. काढताना मानूस कळतो." हे वाक्य ते लग्नापासून निवडणुकीपर्यंत कशालाही लावतात.

या शिस्तीचा प्रसाद मलाही मिळालाय. आठ दिवस मोडनिंबला सासुरवाडीला जातोय, घराकडे लक्ष ठेवा, असं सांगून गेलो आणि तिसऱ्याच दिवशी परत आलो. सकाळी कॉलेजला निघालो तर स्कूटर चालू होईना. हँडलला लाल फडकं बांधलेलं. बायको म्हणाली, कुणीतरी नवस बोललेला दिसतोय. कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन मी घामाघूम झालो, तेव्हा मागून अण्णा कॅन घेऊन आले. जे उभं राहणार त्याच्या पोटात इंधन ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. वर मलाच झापलं. लाल फडकं म्हणजे टाकी रिकामी, ते बघूनही मी किका मारल्याच कशा?

त्यांच्या अंगणात एक स्कूटी आहे. लेकीची, सुनीताची. ती बंगळूरला दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून अण्णा एकटेच. येते म्हणून सुनीताचा फोन आला की अण्णा स्कूटी धुतात, बरणी उजेडात धरून टाकी भरतात. मग दुसरा फोन येतो, रजा रद्द झाली. अण्णा हातपंपानं पेट्रोल काढतात आणि लाल फडकं बांधतात. कॅन धरायला मी.

चौथ्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, अण्णा, पोरीला एकदा स्पष्ट बोला की.

अण्णा पंप मारत राहिले. "ती जन्मली तवा मी न्हवतो. बारशाला न्हवतो. तिच्या आईनं किती दिवाळ्या फराळ करून वाट बघितली आन् मी फोन केला, ड्युटी हाय. हिनं कदी शब्द काढला न्हाय. आता मी कुठल्या तोंडानं काढू?"

त्या दिवशी त्यांना फडक्याची गाठ जमेना. ती मी मारली, आणि उगाच बोललो याचं मला फार वाईट वाटलं.

या दिवाळीला पुन्हा फोन आला. पण अण्णांनी स्कूटीला हात लावला नाही. फडकं तसंच. पाचव्यांदा काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला कळत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

आणि पोरगी आली. रिक्षा थांबली तेव्हा आम्ही दोघं अण्णांच्या फाटकातच होतो. सुनीतानं बॅग खाली ठेवली, आधी गजाला हात लावला, मग बापाच्या पायाला.

अण्णा बघतच राहिले. "तितंबी लावतीस व्हय?"

"रोज. वॉर्डात ऑक्सिजन असतोय की. सगळ्याजणी हसतात मला."

अण्णा स्कूटीजवळ गेले, फडकं सोडलं. मग माझ्याकडे वळून, अण्णांच्या तोंडी न शोभणाऱ्या अजिजीनं, तुमच्या स्कूटरमधलं थोडं काढू का, असं विचारलं. मी कॅन आणला. तार जोडली, पंप लागला, बरणी भरली. अण्णांनी ती उजेडात धरली, आणि धरूनच ठेवली. सुनीता पायरीवर बसून बघत होती.

शेवटी त्यांनी बरणी माझ्या हातात दिली.

"तुमीच बगा, सर. मला नुसतं पानीच दिसाय लागलंय."