डच भाषेला टाळांची साथ

भाग्येशच्या होणाऱ्या सासूबाई हॉलंडहून कोरीटला येणार, घरदार बघणार आणि मगच लग्नाला होकार देणार, असं कळलं आणि त्याच्या आजोबांनी, रतिलालआबांनी, डच भाषा शिकायला घेतली.

"या वयमा?" त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी विचारलं.

"इतला अभंग पाठ शेतस मन्हा, रोजना बोलनानी चार वाक्यं जड जातीन का?"

मोबाइलवरचे धडे ऐकता ऐकता त्यांना साक्षात्कारच झाला. "ऐक, 'इक विल टे ड्रिंकन', मले चहा पेवाना शे. पेवानं शेवटलेच, आपलासारखं! घरनीच भाषा शे ही."

पाठांतराची त्यांना एकच रीत ठाऊक. वाक्यांना चाल लावली. रोज संध्याकाळी देवळात आबा चरण म्हणत, भजनी मंडळ झील ओढी, सुकलाल पखवाजावर. दर वाक्याचा अर्थ आबांना चोख ठाऊक. अडचण एवढीच, की चालीत बसलेलं वाक्य मधूनच सुटं निघेना.

योहान्नाबाई अंगणात उतरल्या तेव्हा मंडळ टाळ घेऊन हजर होतं. आबांना फक्त 'बसा' म्हणायचं होतं. त्यासाठी सुरुवातीपासून उचलणं भाग होतं.

"इक हेट रतिलाल!" माझं नाव रतिलाल.

"हेट रतिलाल! हेट रतिलाल!" मंडळातल्या सगळ्यांनीच आपलं नाव रतिलाल असल्याचं जाहीर केलं.

"हेट रेखेंट!" पाऊस पडतोय. ऊन मी म्हणत होतं.

"वार इज हेट स्टेशन?" स्टेशन कुठे आहे?

"स्टेशन? स्टेशन?"

बाई उन्हात लालबुंद होऊन रस्त्याकडे बघू लागल्या.

"आबा, त्यासले बसू द्या ना!" भाग्येश कुजबुजला.

"तेच सांगी ऱ्हायनू ना भो! चौथा चरणमा शे ते!"

एकदाचं 'खाट यू झिटन' आलं. बाई खाटेवर टेकल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. आबांनी पुन्हा "इक हेट..." उचललं, पण तोवर सिंधुबाईंनी तांब्या पुढे केला होता.

पाणी पिऊन बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या उठल्या आणि आबांकडे बघून ठसक्यात म्हणाल्या, "या, मार द ब्राउलॉफ्ट इज बाय ऑन्स थाउस."

'या' म्हणजे होय! आबांची छाती फुगली. पुढच्या शब्दांचा विचार करायला सवडच मिळाली नाही. सुकलालची थाप पडली आणि मंडळाने जन्माच्या सवयीने झील उचलली.

"बाय ऑन्स थाउस! बाय ऑन्स थाउस!"

मग आबांनीही हात उंचावून वरचा सूर लावला. बाईंनी एकेकाला हात जोडले.

भाग्येश डोकं धरून पायरीवर बसला.

"काय म्हन्यात रे त्या?"

"होकार दिधा, आबा. पन लगीन त्यासना घर, हॉलंडमा. आनि बठा गावनी टाळ वाजाडीसन ते कबूल करं."

सिंधुबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. आबांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं, मग उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"ठीक शे. त्यासना गावले सांगी दे, लग्नना आदला दिन कीर्तन व्हई. मराठी झील आतेपाइनच पाठ करा म्हना."