काळवनीच्या काळ्या मातीची बखर

वरी हाले पालवी, तळी काळोख निजला,
मुळाच्या मुठीत बाई, श्वास रानानं झाकला.

ऐसा एका बाईचा आवाज, हिरडे वेचिता वेचिता गाइलेला, जाखोजी दोरके यांनी तरुणपणी काळवनीच्या रानात प्रथम पाऊल टाकिले तेव्हां ऐकिला, आणि बाई दिसली नाही, नुसती झुडुपे हालली, आणि आवाज पुढे गेला. नमन आधी मातीला, मग मातीवरील समस्तांला. राज्याचे नांव लिहू नये ऐसी आज्ञा, सबब लिहिले नाही. वाचणारांनी आपापल्या पायांखाली पाहोन घ्यावे.

शके एकोणीसशे बत्तीस, विकृतीनाम संवत्सर, त्या साली आभाळ बहुत तापले, आणि का तापले याचा शोध करिता समस्त राज्यांच्या धुराड्यांतील धूर वरतीच अडकोन बसला आहे ऐसे निष्पन्न जाहले, मग पृथ्वीवरील राजेरजवाडे एके ठिकाणी बसले आणि तह ठरला, की ज्याने जितका धूर सोडिला तितका त्याने आपल्या रानाच्या पोटी जिरवावा. कारण की झाड धुरातील काळा अंश पिते, आणि त्याचेच लाकूड, पान, मूळ करोन धरून ठेविते, आणि धरिले आहे तोंवर आभाळास त्याचा ताप नाही. आमचे राज्यात धुराडी उदंड, आणि रान म्हणावे तर एक काळवनी, डोंगराच्या पायथ्यापासोन माथ्यापर्यंत, अंजन, जांभूळ, हिरडा, ऐन, वेली, बांडगुळे, पडलेली खोडे, खोडांवर शेवाळ, शेवाळावर आणखी काही. पायथ्याशी जांभूळमेट नांवाची वस्ती, तिची उपजीविका हिरड्यावर आणि तिचे पाणी रानातील झऱ्याचे. महाराज चिंतेत पडले, बसवेना, महालात येरझारा घालू लागले, मग कारभारी अंताजीपंत पुढे आले आणि मुजरा करोन बोलिले, "महाराज, ही झाडे म्हातारी जाहली. म्हातारा किती जेवणार? तरणा ताट दोनदा मागतो. अर्धे रान तर पडोन कुजते आहे. हे काढावे, आणि निलगिरी लावावी, रांगेत, शिपायांसारखी. ती धूर घटाघटा पिईल." महाराज म्हणाले, "पंत, झाडे काढून झाडे लावायची?" पंत म्हणाले, "सरकार, जुनी पलटण मोडून नवी उभी करावी, तैसेच हे." महाराज हासले, आणि हासता हासता शिक्का उमटला, आणि पायथ्याकडील अर्धे रान तोडावयाचा हुकूम सुटला.

आता रानात काळा अंश किती, हे मोजावयाचे काम जाखोजीकडे. त्यांची रीत ऐसी, की झाडाजवळ उभे राहावे, आपल्या छातीच्या उंचीवर खोडास दोरी गुंडाळावी, घेर पाहावा, आणि घेरावरून झाडात किती साठा आहे तो ठरवावा. पंतांनी कलम घालून दिले, की "दोरी छातीवर धरावी, छातीखाली पाहू नये." याचा अर्थ, पडलेले खोड साठ्यात नाही, वेल नाही, पाचोळा नाही, मूळ नाही, आणि माती तर नाहीच नाही. नवे रान मोजावयास हे कलम फार सोयीचे, कारण निलगिरीचे जे काही आहे ते छातीवरच. जाखोजींनी कलम ऐकिले, काही बोलावे ऐसे तोंड केले, मग मिटले, आणि त्याच महिन्यात ते दोरकरांचे नाईक जाहले.

मग कुऱ्हाडी चालल्या. मोठी लाकडे भट्ट्यांत गेली, आणि फांटे महिनाभर जाग्यावर जळत राहिले, आणि त्या धुराने दुपारी सूर्य तांबडा दिसो लागला, परंतु तो धूर कोणी मोजिला नाही, कारण तो वृक्षारोपणाचा धूर. मग नांगर आले. शेकडो वर्षे झाकलेली माती उलटी जाहली, उन्हात पडली, आणि वास सुटला, आणि तो वास दोन पावसाळे राहिला, मग राहिला नाही. जांभूळमेटच्या बाया नाकास पदर लावोन म्हणत, "माती उसासे टाकतीया गं." पंतांचे कारकून त्यांस हासले. निलगिरी मात्र भराभर उठली, सरळ, गुळगुळीत, एकीसारखी दुसरी, आणि पाहणारांनी वाहवा केली. आठवे वर्षी ती तोडोन खोकी केली, खोकी बाजारात गेली, फुटली, चुलींत गेली, आणि जो धूर झाडांनी प्यायला तो चुलींनी परत ओकिला, आणि रानात पुन्हा बोटभर रोपे लागली.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत्‌नाम संवत्सर. तहाचे वकील आभाळ पारखण्याचे यंत्र घेवोन आले, आठ दिवस राहिले, आणि त्यांनी साफ सांगितले, की या राज्यावरील धूर घटला नाही, उलट वाढला. महाराजांनी पगडी काढावी, पुन्हा घालावी, खिडकीशी जावे, परत यावे, मग पंतांस म्हणाले, "पंत, तुमची पलटण करते काय?" पंत जराही न अडखळता बोलिले, "महाराज, औषध अर्धेच दिले, गुण कोठून यावा? माथ्याकडील अर्धे रानही काढावे. आठवे दिवशी कुऱ्हाडी लागतील." आणि हुकूम लिहिला गेला, शिक्का तेवढा राहिला.

या आठ दिवसांत जाखोजी कोठेही टेकले नाहीत. दरबारात उभे राहोन हातातील दोरीस गाठ मारावी, सोडावी, पुन्हा मारावी. फडणीस थट्टेने म्हणाले, "नाईक, दोरी पिळता की कोणाची मान?" सगळे हासले. जाखोजीही हासले, आणि बाहेर जावोन अंगणाला तीन फेरे घालोन परत आले.

आठवे दिवशी सकाळी दरबार भरला असता जांभूळमेटची गवराई आली, साठीची, काटक, एका बगलेत दोन मडकी, दुसऱ्या बगलेत तवा. देवडीवरील शिपाई म्हणाला, "म्हातारे, स्वयंपाक पलीकडे." गवराई म्हणाली, "लेकरा, राजाला जेवाय न्हाई घालायची. माती भाजून दावायची." शिपाई हासोन लोटपोट जाहला, आणि ती त्या हासण्यातूनच आत गेली. महाराजांनी विचारिले, "बाई, काय मागणे?" ती म्हणाली, "सरकार, माथ्यावरचं रान तोडू नगा. त्यात आमचा झरा हाय, खालचा तर आटलाच. पर झऱ्याचं म्या बोलत न्हाई, तुमच्या धुराचं बोलते. आमच्यात नवी वाडी धरायची तर आधी मूठभर माती तव्यावर भाजून बगत्यात. जित्या मातीला काळा धूर येतो, केस जळल्यागत वास येतो, आन मग ती तांबडी हुन हलकी पडती. जे उडालं ते रानाचं. मेल्या मातीतनं कायबी उडत न्हाई. हे एक मडकं माथ्याच्या रानातलं, हे एक निलगिरीतलं. तागडी आणा."

महाराजांस नवल वाटले, आणि सोनाराची तागडी आणविली, आणि दरबारातच चूल मांडिली, मग दोन्ही मातींतील शंभर शंभर गुंजा तोलोन घेतल्या. पंत मध्येच म्हणाले, "उडेल ते पाणी असेल." गवराई म्हणाली, "पंत, तीन दिस उन्हात वाळिवलीया. तुमी हात घालून बगा की." पंतांनी हात घातला नाही. निलगिरीची माती भाजिली, तोलिली, तों चार गुंजा उणी भरली. मग माथ्याची माती तव्यावर पडली, आणि चरचरली, आणि काळा धूर उठोन छतास लागला, आणि मानकरी खोकू लागले, आणि ती थंड करोन तोलिली, तों अकरा गुंजा उणी. महाराज हळूच म्हणाले, "म्हणजे सात गुंजा आपल्या नांगराने आभाळात गेल्या? आणि ही तर एक मूठ. डोंगरभर किती?"

तेव्हां अंताजीपंत उठले, आणि त्यांनी जो डाव टाकिला तो खरोखर हुशारीचा. म्हणाले, "महाराज, बाई भोळी आहे. माथ्याची माती मुळातच सकस आणि पायथ्याची मुळातच भिकार, ऐसे नाही कशावरून? नांगरापूर्वी पायथ्याची माती कोणी भाजिली होती? एक तरी माणूस पुढे यावा. नसल्यास हा तवा उचलावा आणि शिक्का करावा." गवराई पुढे सरली. ती म्हणाली, "तवा आमच्या हातात हुता, पर तुमी तोडनार हे कुनी आदी सांगितलं का आमाला?" तितकेच. महाराजांनी भोवती पाहिले, "आहे कोणी? बोला!" कोणी मान वर करीना. महाराजांचा हात शिक्क्याकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. गवराई मडकी पदराने पुसत राहिली, पुसण्याजोगे त्यांत काही नसता.

आणि जाखोजी, जे आठ दिवस एके ठायी उभे राहिले नव्हते, ते दरबाराच्या मध्यभागी येवोन उभे राहिले, आणि दोरी खाली ठेविली.

सारांश, राज्याने बारा वर्षे झाडे मोजिली आणि रान मोजिले नाही. पायथ्याचे रान गेले ते गेले, त्याची माती पुन्हा काळी व्हावयास आम्ही लिहिणारे आणि तुम्ही वाचणारे पुरणार नाही. माथ्याचे अर्धे रान आजही उभे आहे, ते जाखोजींच्या पुढील बोलांवर उभे आहे, आणि ते बोल जैसे निघाले तैसेच लिहिले, कोठे सुधारिले नाहीत.

"मी भाजली होती, महाराज. कुऱ्हाडी लागायच्या आधी चार दिवस, पायथ्याच्या रानात, कमरेइतका खड्डा मी खणला. जांभूळमेटच्याच लोकांकडून ही रीत शिकलो होतो. माती घरी नेली, माझ्या चुलीवर भाजली. शंभरातल्या बारा गुंजा उडाल्या. माथ्यापेक्षा एक जास्तच. पंतांना सांगितलं, ते म्हणाले, छातीखाली पाहू नये, आणि मला नाईक केलं. बायको त्या दिवशी चुलीशी बसली होती, म्हणाली, अहो, घरात धूर केवढा, काय भाजताय? मी म्हटलं, काही नाही."