माझा ठराव आणि गावदेवाचं तीर्थ

दारूला मी जन्मात शिवलेलो नाही! आमच्या ग्रामपंचायतीत असं छातीठोकपणे सांगणारा मी एकटाच. म्हणून तर दारूबंदीच्या त्या दिवसांत, नुकताच निवडून आलेलो असताना, मी दणक्यात ठराव आणला: प्रत्येक मेंबरला डॉक्टरांनी तपासावं. प्यायलेला सापडला की त्यानं खुर्ची सोडावी!

"नाना, नेम कुनावर हाय, कळतंय हां," बुधाजी मेंबर म्हणाला. नेम अर्थात त्याच्यावरच होता.

तपासणीचा दिवसही मीच काढला. गावदेवाची पालखी! त्या दिवशी एकही मेंबर खोपोलीला कामाचं निमित्त काढून पळणार नाही. काय माझं डोकं!

फक्त एक गोष्ट त्या डोक्यातून निसटली. आमच्या गावदेवाला नैवेद्य दारूचा. आणि त्यातलंच तीर्थ पंचायतीच्या मेंबरांना आधी द्यायचं, अशी रीत.

सकाळी देवळापुढे गौराबाईनं द्रोण माझ्यापुढे धरला. नैवेद्याचा मान तिच्या घराण्याचा.

"घ्या नाना. नव्या मेंबराला पयला मान."

"अगं, आज नको! दुपारी तपासणी आहे!"

"देवाला नाय म्हनता? मंग मतं कशाला मागितलीत?"

सगळा गाव बघत होता. मी नाक दाबलं, डोळे मिटले आणि घटकन गिळलं.

झालं! जमीन हलायला लागली, कान तापले, एका पालखीच्या दोन झाल्या! माझ्यामागून बुधाजीनं घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. नेहमीच्या गड्याची ही गत, मग माझं काय होणार!

धावत घरी आलो. कांदा खाल्ला, लसूण चावली, पेरूची पानं चघळली, वर मूठभर लवंगा.

"अनसूया, माझी खुर्ची गेली गं! माझ्याच ठरावानं गेली!"

"अहो, आधी लांब उभे राहा," बायको नाकाला पदर लावून म्हणाली.

दुपारी पंचायतीच्या ओट्यावर कर्जतचे डॉक्टर येऊन बसले. गाव तमाशाला जमलेलाच होता.

"ठराव तुमचा, पयले तुमी!" बुधाजीनं मला पुढे ढकललं.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. मी आ केला. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले!

"आता या रेघेवरून चाला."

रेघ सरळ होती, मी नव्हतो. शेवटी मला राहवेना.

"डॉक्टर, घेतलीय हो मी! पण देवाची घेतलीय!"

मला चक्क रडू फुटलं. आणि गौराबाई खो खो हसायला लागली.

"अवो नाना, ते शहाळ्याचं पानी व्हतं! तुमच्या ठरावाच्या भ्यानं यंदा देवालाबी कोरडा ठेवला. देवासमोर सांगू कशी?"

"तरीच!" बुधाजी कळवळला. "वर्सभर वाट बघितली, आन् हातात पानी!"

"कांदा आहे, लसूण आहे, दारूचा थेंब नाही," डॉक्टर रुमालाआडून म्हणाले. "जा!"

हुश्श! जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी बुधाजीलाच मिठी मारली.

"सुटलो रे बाबा! खुर्ची वाचली!"

"वाचली खरी," बुधाजी मान वळवून, श्वास रोखून म्हणाला. "पन नाना, आमाला चढायला बाटली लागती. तुमाला शहाळ्यानं चढली. आता तुमीच सांगा, गावातला खरा बेवडा कोन?"