हरबाच्या डोक्याला कलम

मुलांनो, घाबरल्यावर हात थरथरतो हे तुम्हाला माहीत आहेच. पण न घाबरताच थरथरला, तर पकडायचं कुणाला, सांगा पाहू?

एका जंगलात हा प्रश्न थेट दरबारात गेला होता. त्याचीच ही गोष्ट.

त्या जंगलात सुंदराबाई नावाची वानरीण राहत होती. तिचा नवरा हरबा. एके काळी हरबा या शेंड्यावरून त्या शेंड्यावर अशी उडी घ्यायचा की पानालासुद्धा पत्ता लागत नसे. आता त्याचा हात बसल्या जागी थरथरू लागला होता. पाय फांदीला चिकटल्यासारखे होत. हसायला जावं तर तोंड हलत नसे.

तो सगळ्यात खालच्या फांदीवर बसून राही. रोज तिन्हीसांजेला बिबट्या यायचा. फळ पिकलंय का बघावं तसा हरबाकडे बघायचा आणि जायचा. हरबाने निदान बिबट्याचं वजन न पेलणाऱ्या मधल्या फांदीपर्यंत चढावं, एवढंच सुंदराबाईचं मागणं होतं.

तिने खारुताई वैद्यांना बोलावलं.

"भित्रे झालेत का हो हे?" तिने विचारलं.

"नाही बाई," खारुताई म्हणाल्या. "डोक्यात एक पाऊलवाट असते. 'ऊठ, चढ' हा निरोप त्या वाटेने जातो. निरोप पोचवणारा एक रस असतो, त्याला डोपामीन म्हणतात. तो तयार करणाऱ्या पेशी यांच्या डोक्यात वाळून गेल्यात."

"मग?"

"कलम लावायचं. आंब्याला लावतात ना, तसं. यांच्याच कातडीतल्या थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांना पुन्हा लहान करायचं, नवं काम शिकवायचं आणि डोक्यात नेऊन लावायच्या. त्यांनी जीव धरला तर वाट हळूहळू सुरू होईल. खात्री मात्र देत नाही."

हरबा पुटपुटला, "कातडीला डोक्याचं काम जमेल?"

"न जमायला काय झालं?" सुंदराबाई म्हणाली. "दरबाराचा सगळा कारभार जाड कातडीवरच तर चाललाय."

पण नव्या उपचाराला दरबाराची परवानगी लागे. दोघी दरबारात गेल्या. सिंहमहाराज जेवून झोपले होते. दिवाण बगळेराव एका पायावर उभे होते. त्यामुळे ते विचार करताहेत असं सगळ्यांना वाटे.

"दिवाणसाहेब, कलम लावायचं होतं," सुंदराबाई म्हणाली.

दिवाणांचा चेहरा खुलला. "लावू की. कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला."

"घरची बाई स्वतः तक्रार घेऊन आली. कौतुक आहे. त्याने केलं काय?"

"थरथरतात."

"हं. वैद्यबाई, कुठलं कलम लावावं म्हणता?"

"कोवळं," खारुताई म्हणाल्या. "जितकं कोवळं तितकं बरं."

"छे, कोवळ्याला कोण भीक घालतं? कडक लावू."

"पण साहेब, ते डोक्यात लावायचंय."

"लावलेलं प्रत्येक कलम डोक्यावरच बसतं, बाई. निघा आता."

संध्याकाळी दवंडी पिटली. "ऐका हो ऐका. हरबा वानराच्या थरथरीवर कलम लावण्यात आलं आहे. हे कलम त्याला लागलंच पाहिजे. जो आड येईल त्याला शिक्षा होईल."

पिंपळालाही तंबी मिळाली. वारा नसताना त्याची पानं हलत होती.

"मी आंब्याचं कलम मागायला गेले," सुंदराबाई म्हणाली, "आणि यांनी कायद्याचं हातात दिलं."

सकाळी झिपरे हवालदार तपासणीला आले. हे अस्वल होते. सुंदराबाईने हरबाचा हात वेलीने फांदीला घट्ट बांधून ठेवला होता.

"थरथरतोय का?" हवालदारांनी विचारलं.

"बांधलेला हात कसा थरथरेल, भाऊ?"

"मला विचारू नका. मी फक्त बघायला आलोय." त्यांनी बघितलं आणि दरबाराला कळवलं की कलम लागू पडलं.

दरबारात आनंदीआनंद झाला. दिवाणांना शाल मिळाली.

खारुताई मात्र खाली मान घालून बसल्या. "आता खऱ्या कलमाला परवानगी कोण देणार? बरं झालेल्याला औषध द्यायचं नाही, असा नियम आहे."

त्या दिवशी बिबट्या नुसता बघून गेला नाही. त्याने पुढचे दोन्ही पाय बुंध्यावर टेकले, अंदाज घेतला आणि मग गेला.

सुंदराबाई खाली उतरून बुंधा बघून आली. मग म्हणाली, "वैद्यबाई, दवंडीत काय सांगितलं? कलम लागलंच पाहिजे. कुठलं ते सांगितलं का?"

"नाही."

"आणि आड येईल त्याला शिक्षा. मग तुम्ही आड कशाला येता? लावा."

खारुताईंनी लावलं.

त्यानंतर कितीतरी दिवस काहीच झालं नाही. सुंदराबाई बिबट्याच्या वाटेवर, हरबाच्याही खाली, बुंध्याशी बसू लागली. पाऊस संपला, पानगळ संपली, नवी पालवी आली. एकदा हरबा कान खाजवत होता. खाजवता खाजवता थांबला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"अहो," सुंदराबाई म्हणाली, "जरा माझी पाठ खाजवा."

त्याने खाजवली. हात हलत होता, पण खाजवण्यापुरताच. तिने वळून बघितलं नाही. डोळे पुसून होईपर्यंत तिला वळायचं नव्हतं.

मग हरबा उठला आणि थांबत थांबत मधल्या फांदीवर जाऊन बसला. शेंड्यावर नाही. शेंडा आता त्याच्या नशिबी नव्हता. तिन्हीसांजेला बिबट्या आला, त्याने रिकामी फांदी बघितली, मग वर बघितलं आणि दुसरीकडे जेवायला गेला.

बातमी दरबारात पोचली. "बघितलंत?" दिवाण पाय बदलत म्हणाले. "कडक लावलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणांनी तापाला, खोकल्याला आणि नदीच्या पुराला कलम लावलं.

तात्पर्य : मुलांनो, डोक्यातली वाट बंद पडली तर वैद्याच्या नादी लागू नये. कडक कायदा करावा, म्हणजे पेशी घाबरून आपोआप कामाला लागतात. वैद्य हाताशी असला तर असू द्यावा. शाल तेवढी चुकून त्याच्या खांद्यावर पडणार नाही, याची काळजी घ्यावी.