बसवराजअप्पांची मोकळी सिस्टीम

आमचे मेहुणे बसवराजअप्पा यांच्या गळ्यात दोन दोरे असतात. एकात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आणि दुसऱ्यात पेनड्राइव्ह. पहिलं फक्त पूजेच्या वेळी बाहेर निघतं. दुसरं कुठेही, कुणाच्याही घरी, यजमानानं पाणी विचारायच्या आत.

त्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स आहे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांना मी सांगतो, म्हणजे मला जेवढं कळलंय तेवढंच. कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती सिस्टीम कुठल्या एका कंपनीची नसून जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली. कुणीही घ्यावी, आपल्याला हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी. यातलं 'दुसऱ्याला द्यावी' अप्पांनी फारच मनावर घेतलं.

"म्हणजे फुकट आहे म्हणा की," असं मी एकदा म्हणालो. अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"फुकट न्हाई दाजी, मोकळं. फुकट म्हंजे देणाऱ्याचे उपकार. मोकळं म्हंजे तुमी मालक. आता तुमी त्या लॅपटॉपचे मालक हाव का भाडेकरू, तेवढं सांगा."

मी नांदेडच्या शाळेत भूगोल शिकवतो. ॲमेझॉनचं खोरं मला डोळे मिटून दाखवता येतं, पण स्वतःच्या लॅपटॉपवर कालची फाईल सापडत नाही. मालक कसला, मी तर त्या लॅपटॉपचा पाहुणा. तरी बायकोच्या भावासमोर कबूल कसं करायचं? "मालकच," म्हणालो. तिथून माझे हाल सुरू झाले.

अप्पांनी लातूरला तीस वर्षं टायपिंगची शाळा चालवली. पार रेणापूर, शिरूर अनंतपाळहून पोरंपोरी यायच्या. बटनांकडे बघून टाइप करणाऱ्याच्या हातावर अप्पा रुमाल टाकायचे आणि वर म्हणायचे, "बोटाला डोळे फुटू दे." जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत आजही अप्पांचेच विद्यार्थी खडखडवत असतात. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, शाळेला कुलूप लागलं आणि अप्पांची दहा बोटं बेकार झाली. ती लिनक्सला लागली.

त्यांचा प्रचार ठरलेला. "चव बघा फक्त. पेनड्राइव्हवरनं चालतंय, आत काय बी जात न्हाई." मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा आणि चालू होता होता एक विशिष्ट बटन दाबायचं. कुठलं, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून अप्पा वरच्या ओळीतली सगळीच धडाधडा दाबतात. पडद्यावर काहीतरी निळंहिरवं उमलतं. यजमान "वा" म्हणतो. तो "वा" त्याला महागात पडतो, कारण अप्पांचा पुढचा प्रश्न असतो, "बसवू का मग?"

रेणापूरला आम्ही पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. पोहे येईपर्यंत अप्पा दिसेनात. सापडले आतल्या खोलीत, होणाऱ्या व्याह्यांच्या कॉम्प्युटरसमोर, आणि व्याही शेजारी उभे राहून "वा" म्हणत होते. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो. मुलगी पसंत आहे की नाही यावर ते चकार शब्द बोलले नाहीत. "तेवढं अप्पांना पाठवा," म्हणाले, "प्रिंटर चालंना."

बरं, बसवून गप्प राहतील तर ते अप्पा कसले! मग सजावट. खालची पट्टी डावीकडे. डावीकडून वर. वरून अशी की माऊस नेला तरच दिसावी. घड्याळ मराठी आकड्यांत. बाणाच्या जागी बेलाचं पान. घरच्या कॉम्प्युटरवर तर त्यांनी पट्टी इतकी लपवली की त्यांच्या बायकोला, महानंदावहिनींना, तो बंद करायचा सापडेना. त्यांनी सरळ भिंतीवरचं बटन बंद केलं.

"घरात आता मिक्सर तेवढा राहिलाय," वहिनी मला म्हणाल्या. "त्याच्याकडं बी परवा बघून राहिले होते."

मिक्सर वाचला. मी नाही वाचलो.

उन्हाळ्यात आम्ही लातूरला अप्पांकडे गेलो होतो. माझ्या मुलीचा, श्रद्धाचा, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. सगळे दाखले स्कॅन करून माझ्या लॅपटॉपमध्ये ठेवलेले, मूळ कागद नांदेडच्या कपाटात, म्हणजे एसटीनं तीन तास लांब. गुरुवारी दुपारी आंब्याचा रस पिऊन मी आडवा झालो असताना कुणीतरी कानाशी म्हणालं, "दाजी, चव बघू का?" मी झोपेत "हं" म्हणालो. बायको अजून म्हणते की सगळा दोष त्या "हं"चा आहे. खरंच आहे ते.

उठलो तर लॅपटॉप ओळखू येईना. मागे श्रद्धाचा लहानपणीचा फोटो, वर माझं नाव, बाणाचं बेलपान. "तुमचं एक कागद पुसलं न्हाई," अप्पा म्हणाले. "सगळं इकडं आणून ठेवलंय." दिसायला छान होतं, उगाच खोटं कशाला बोलू. मी "वा" म्हणालो.

शुक्रवारी दुपारी दोनला श्रद्धा अर्ज भरायला बसली. लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. तिनं दिला. चुकीचा. मी दिला. चुकीचा. तिनं एकेक बटन बघून, सावकाश, ओठ हलवत दिला. चुकीचा.

"आसं हाय," अप्पा म्हणाले, "सकाळी मी त्यात मराठी टायपिंग बसवलं. आपल्या जुन्या मशीनचं. मराठी माणसाचा कॉम्प्युटर, तर दारात बी मराठीच पाहिजे की."

"पासवर्ड इंग्रजीत आहे, अप्पा!"

"हाव."

"मग इंग्रजीचं काय?"

"ते काढून टाकलं. कशाला गर्दी?"

म्हणजे श्रद्धा एक अक्षर दाबत होती आणि आत भलतंच उमटत होतं. पडद्यावर नुसते ठिपके. ठिपक्यांचं मराठी आणि इंग्रजी सारखंच दिसतं.

"आता?" मी विचारलं.

अप्पांनी गळ्याभोवतीचा दोरा सारखा केला. "रविवारी महेशला विचारू."

महेश हा त्यांचा मुलगा, हैदराबादला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो, आठवड्यात जे जे बिघडलं ते अप्पा त्याच्यापुढे मांडतात आणि तो एकेक पायरी सांगून दुरुस्त करून घेतो. सगळ्या घराला हे माहीत आहे.

"रविवारी?" माझा आवाज गल्लीत गेला असणार. "आज पाचला मुदत संपते! आत्ता लावा फोन!"

"आत्ता कामात असतो त्यो. मिटिंगा असतात."

"मग मी लावतो!"

"नका लावू, दाजी."

मी बरंच बोललो. दाजी म्हणून या घरात मला पाटावर बसवतात, तो मान बाजूला ठेवून बोललो. तुमच्या हौशीपायी माझ्या पोरीचं वर्ष जाईल, असंही बोललो. अप्पा ऐकत राहिले. श्रद्धा घड्याळाकडे बघत होती, आणि मग हळूच म्हणाली, "मामा, तीन वाजले."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. खुर्ची ओढली, लॅपटॉप पुढ्यात घेतला. दोन्ही हातांनी तीन बटनं एकदम दाबली. बेलपान गेलं, फोटो गेला, काळाकुट्ट पडदा आला. त्यावर त्यांची दहा बोटं चालू झाली. खाली एकदाही बघितलं नाही. चार ओळी, पाच ओळी, एंटर. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला. "आता टाक गं पोरी तुझा पासवर्ड."

उघडला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

साडेचारला अर्ज गेला. पोचपावती हातात आल्यावर श्रद्धा मामाच्या गळ्यात पडली. माझी तीही सोय नव्हती. मी नको नको ते बोलून बसलो होतो. माफी मागावी म्हणून अप्पांच्या जुन्या वर्गाच्या खोलीत गेलो. ते एकटेच बसले होते.

"अप्पा, हे तुम्हाला येत होतं?"

"येत होतं."

"आणि दर रविवारी महेशला विचारता ते?"

"ते बी येतंय."

मी समोरच्या बाकावर बसलो.

"पहिल्यांदी खरंच येत नव्हतं," अप्पा म्हणाले. "हैदराबादला जाताना त्यानंच बसवून दिलं हे. मग फोन यायचा. अप्पा, जेवलाव का? हाव. तब्येत? बरी. ठेवू? दीड मिनिटात संपायचं. त्याची बी चूक न्हाई, मला बी सुचत न्हाई काय बोलावं. मग एका रविवारी अडलं काहीतरी. पाऊण तास बोलला, दाजी. मधी हसला बी."

"मग?"

"मग मी शिकलो. काय काय अडू शकतं, ते." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तेवढं महेशला सांगू नका. आज फोन केला असता, तर रविवारचं आजच संपलं असतं."

रविवारी आम्ही तिथंच होतो. अकराला फोन वाजला. अप्पांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बाजूला त्यांचा लॅपटॉप होता, बंद, आणि त्यावर वहिनींनी निवडायला काढलेल्या गवारीच्या शेंगांचं ताट.

"अडलंय बाबा," अप्पा म्हणाले. "आवाजच यीना."

महेश सांगू लागला. हे उघडा, ते लिहा. अप्पा डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून ऐकत होते. "हाव... लिहिलं... थांब, परत सांग... न्हाई रे, लाल काहीतरी आलंय."

"असं कसं येईल?" महेश म्हणाला. "अप्पा, काका आहेत ना तिथं? काका, जरा बघता का, स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय?"

अप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मी गवारीच्या ताटाकडे बघितलं. "लालच आहे रे," म्हणालो. "चांगल्या चार ओळी आहेत. पण इंग्रजी आहे, मला काही धड वाचता येत नाही. तू असं कर, घाई नसेल तर पहिल्यापासून सांग."

"बरं," महेश म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."

फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.